घाव न घालता फुटणारे डोंगर

(तृतीय वर्ष कला, इतिहास)

आपल्या भाषेने दगडाला फार मान दिला आहे. एखादी गोष्ट ठाम सांगायची झाली की आपण तिला काळ्या दगडावरची रेघ म्हणतो. ज्याला दयामाया नाही तो पाषाणहृदयी. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, हे तर शाळेच्या फळ्यावर आपण सर्वांनीच वाचलेले असते. या साऱ्या बोलण्यामागे एक गृहीत आहे. दगड म्हणजे एकसंध, घट्ट वस्तू; तो आपण होऊन मोडत नाही. तो मोडायचा तर कोणीतरी त्याच्यावर घाव घातला पाहिजे. घण, सुरुंग, भूकंप, काहीतरी मोठे घडले पाहिजे.

हे गृहीत जमिनीवर बहुतेक वेळा चालून जाते. आकाशात मात्र ते टिकत नाही. मंगळ आणि गुरू यांच्या दरम्यान, आणि काही थोडे पृथ्वीच्या कक्षेच्या आसपासही, लाखो लहानमोठे लघुग्रह सूर्याभोवती फिरत आहेत. त्यांतले काही, चांगल्या टेकडीएवढे असलेलेसुद्धा, कोणी हात न लावता फुटतात. स्वतःभोवती फिरता फिरता त्यांची गती वाढत जाते आणि एके दिवशी ते सुटे होतात. त्यांना असे फिरवतो कोण? तर ऊन!

मी कला शाखेची विद्यार्थिनी. गणिताचा आणि माझा संबंध दहावीनंतर परस्परसंमतीने संपला. तेव्हा हा विषय घेऊन मी वार्षिकांकात लिहिणार म्हटल्यावर 'तुला हे कशाला हवे?' असा प्रश्न येणे साहजिक होते. या प्रश्नाला उत्तर द्यावे म्हणूनच हा लेख. माझे म्हणणे थोडक्यात असे की, वस्तू का मोडतात हा प्रश्न एकट्या पदार्थविज्ञानाचा नाही; आणि त्या प्रश्नाचा विचार करण्याची आपली जी सवय आहे, ती या लघुग्रहांपुढे साफ उघडी पडते. पण आधी हकीकत सांगते, मत मागून.

१ जानेवारी १८०१ रोजी सिसिलीतील पालेर्मो येथे जुझेप्पे पियाझी यांना सेरेस सापडला. पुढच्याच वर्षी जर्मनीतील हाइनरिख ओल्बर्स यांना पॅलस सापडला. जिथे एक ग्रह असावा असे ज्योतिर्विदांना वाटत होते तिथे हे दोन लहान लहान पिंड! ओल्बर्स यांनी तर्क केला की हे एका जुन्या, फुटलेल्या ग्रहाचे तुकडे असावेत. एक ग्रह होता, त्याच्यावर काही भयंकर आपत्ती कोसळली आणि त्याच्या ठिकऱ्या उडाल्या. ही कल्पना लोकांना इतकी आवडली की आजही ती अधूनमधून ऐकू येते. पण हिशेब जुळत नाही. त्या पट्ट्यातले सगळे लघुग्रह एकत्र केले तरी त्यांचे वस्तुमान आपल्या चंद्राच्या सुमारे तीन टक्केच भरते. एवढ्याशा मालातून ग्रह कसला होणार? गुरूच्या ओढाताणीमुळे तिथे ग्रह कधी जमलाच नाही, असे आज मानले जाते. ओल्बर्स मोठे निरीक्षक होते, त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. पण तुकडे दिसले की आपले मन आधी घाव शोधते, ही गोष्ट मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे.

मग हे लघुग्रह आहेत तरी कसे? चित्रांत काढतात तसा एकच एक अखंड खडक, अशी आपली समजूत असते. त्यांच्यापैकी पुष्कळसे नुसते खडीचे ढीग असावेत, असा विचार १९७०च्या दशकात मांडला गेला. जुन्या टकरींत फुटलेले दगडधोंडे, वाळू, धूळ परस्परांच्या आकर्षणाने पुन्हा एकत्र आले आणि ढीग होऊन राहिले. म्हणजे सुरुवातीला घाव होता, हे मी नाकारत नाही. मला सांगायचे आहे ते पुढचे आहे. हा विचार पुढे प्रत्यक्ष जाऊन तपासता आला. जपानचे हायाबुसा हे यान २००५ साली इटोकावा नावाच्या लघुग्रहापाशी गेले. तो लांबीला जेमतेम अर्धा किलोमीटर, आणि त्याच्या पोटात सुमारे चाळीस टक्के जागा पोकळ! अमेरिकेचे ओसायरिस-रेक्स हे यान २० ऑक्टोबर २०२० रोजी बेन्नू या लघुग्रहाला टेकले. माती उचलण्यासाठी पुढे केलेला त्याचा हात काही क्षणांतच सुमारे अर्धा मीटर आत गेला. धान्याच्या कणगीत हात खुपसावा तसा. यानाने आपली इंजिने चालवून माघार घेतली नसती तर ते आणखी खाली रुतत गेले असते. बेन्नूचा व्यास सुमारे ४९० मीटर. लांबून पाहिले तर तो चांगला टणक, कमरेशी फुगीर, भोवऱ्यासारखा दिसतो. जवळ जाऊन पाहावे तर नुसता ढीग.

असा ढीग एकत्र राहतो तो मुख्यतः आपल्याच गुरुत्वाकर्षणाने. पण ते आकर्षण किती? पृथ्वीवर साठ किलो भरणाऱ्या माणसाचे वजन बेन्नूवर केले तर ते अर्ध्या ग्रॅमच्या आसपास भरेल. तिथे सेकंदाला वीस सेंटिमीटर एवढ्या वेगाने उडवलेला खडा पुन्हा खाली येत नाही. रांगणाऱ्या मुलाचा वेगसुद्धा याहून फार कमी नसतो.

आता फुगडी आठवा. दोघी हातात हात गुंफून मागे रेलतात आणि फिरू लागतात. गती कमी असते तोवर गंमत असते. गती वाढली की मनगटावरचा ताण वाढतो, आणि एका टप्प्यावर हात तरी सुटतात नाहीतर गती तरी आवरावी लागते. लघुग्रहाचेही असेच आहे. तो स्वतःभोवती जितका वेगाने फिरेल तितके त्याच्या विषुववृत्तावरचे दगड बाहेर फेकले जाऊ पाहतात. आकर्षण त्यांना आत ओढते, फिरणे त्यांना बाहेर ढकलते. ही दोन्ही बळे जिथे समान होतात ती त्या ढिगाची मर्यादा.

या मर्यादेची एक गोष्ट मला फार नवलाची वाटली. ती लघुग्रहाच्या आकारमानावर अवलंबून नाही. दोनशे मीटरांचा ढीग असो की दहा किलोमीटरांचा, घनता सारखी असेल तर मर्यादाही सारखीच. साधारण घनतेच्या ढिगाला ती सव्वादोन तासांच्या आसपास येते. म्हणजे सव्वादोन तासांत एक फेरी, याहून वेगाने फिरला तर केवळ आकर्षणाच्या जोरावर त्याला एकत्र राहता येणार नाही. अमेरिकन शास्त्रज्ञ अॅलन हॅरिस यांनी १९९६ साली, आणि नंतर चेक शास्त्रज्ञ पेत्र प्रावेच यांच्यासह २००० साली, शेकडो लघुग्रहांच्या परिवलनाचे काळ मांडून पाहिले. दोनशे मीटरांहून मोठ्या लघुग्रहांत सव्वादोन तासांच्या आत एक फेरी पुरी करणारा जवळजवळ सापडेना. जणू आकाशात कोणी वेगाची पाटीच लावून ठेवली होती! हे सारे अखंड खडक असते तर त्यांना अशी मर्यादा पाळण्याचे काहीच कारण नव्हते. अपवाद आहेत. '२००१ ओई ८४' नावाचा लघुग्रह अर्ध्या किलोमीटरपेक्षा मोठा असूनही एकोणतीस मिनिटांत एक गिरकी घेतो. तो खरोखरच टणक असला पाहिजे. पण असे अपवाद थोडे.

मग प्रश्न येतो की शांतपणे फिरणाऱ्या ढिगाला या मर्यादेपर्यंत नेतो कोण? इथे एक अशी कथा आहे, जी इतिहासाच्या आणि साहित्याच्या विद्यार्थ्यांनी तरी विसरू नये. इव्हान यार्कोव्हस्की हे रशियात काम करणारे पोलिश वंशाचे स्थापत्य अभियंते होते (१८४४–१९०२). रेल्वेची नोकरी सांभाळून ते फावल्या वेळात विज्ञानाचा विचार करीत. १९००च्या सुमारास त्यांनी एका पुस्तिकेत लिहिले की सूर्याने तापलेला पिंड ती उष्णता पुन्हा बाहेर टाकतो आणि तसे करताना त्याला अगदी बारीकसा धक्का बसत असला पाहिजे. पुस्तिकेची कोणी दखल घेतली नाही. लेखक वारले. पण १९०९च्या सुमारास ती पुस्तिका एर्न्स्ट एपिक नावाच्या एस्टोनियन तरुणाच्या वाचनात आली होती. हा तरुण पुढे नामांकित ज्योतिर्विद झाला, आणि १९५१ साली, चाळीस वर्षांनी, केवळ आठवणीवर विसंबून त्याने यार्कोव्हस्कींचे नाव आणि कल्पना आपल्या निबंधात नोंदवली. एका वाचकाच्या स्मरणशक्तीने ही कल्पना वाचवली.

यार्कोव्हस्कींचा धक्का पिंडाच्या कक्षेविषयी होता. परंतु पिंड जर वेडावाकडा असेल तर तोच धक्का त्याला फिरवूही शकतो. जत्रेतले कागदी भिरभिरे वाऱ्यावर फिरते ते त्याची पाती तिरकी मुडपलेली असतात म्हणून. वेड्यावाकड्या लघुग्रहाच्या बाबतीत वाऱ्याची जागा ऊन घेते. १९६९ साली स्टीफन पॅडॅक यांनी लिहिले की अशा रीतीने लहान पिंड फिरून फिरून फुटूही शकतील. २००० साली डेव्हिड रुबिनकॅम यांनी या परिणामाला चार शास्त्रज्ञांच्या नावांची आद्याक्षरे जोडून 'यॉर्प' असे नाव दिले. त्यातले पहिले अक्षर त्या अभियंत्याचे आहे.

उन्हाचा हा जोर किती? पृथ्वीजवळ एक चौरस किलोमीटर जागेवर जे ऊन पडते त्याचा एकूण दाब अर्ध्या किलोच्या वजनाइतकाही नसतो! एवढ्याने टेकडी फिरते म्हणणे हास्यास्पद वाटेल. पण अंतराळात घर्षण नाही आणि घाईही नाही. थेंबे थेंबे तळे साचे, ही म्हण तिथे अक्षरशः खरी होते. २००७ साली याचा प्रत्यक्ष पुरावा मिळाला. बारा मिनिटांत एक फेरी घेणाऱ्या एका लघुग्रहाचा फेरीचा काळ दर वर्षी सुमारे एक सहस्रांश सेकंदाने कमी होत असल्याचे चार वर्षांच्या निरीक्षणांतून आढळले. त्या लघुग्रहाचे नावच आता यॉर्प ठेवले आहे. बेन्नू सध्या सुमारे ४ तास १८ मिनिटांत एकदा फिरतो, आणि दर शंभर वर्षांनी त्याचा हा काळ सुमारे एका सेकंदाने घटतो. त्याच्या विरळ घनतेला मर्यादा येते ती तीन तासांच्या आसपास. म्हणजे हेच चालू राहिले तर काही लाख वर्षांत तो त्या उंबरठ्यावर उभा असेल. लघुग्रह जितका लहान तितका हा परिणाम अधिक. व्यास निम्मा केला तर परिणाम चौपट होतो. म्हणून या फुटण्याचा धोका लहानांना जास्त.

इथे कोणी म्हणेल, मर्यादा ओलांडली की फुटला, संपले. तसे नाही. '१९५० डीए' या लघुग्रहाकडे पाहा. तो सव्वा किलोमीटरच्या आसपास आहे आणि २ तास ७ मिनिटांत एक फेरी घेतो. त्याच्या घनतेच्या मानाने हा वेग मर्यादेबाहेरचा आहे. त्याच्या विषुववृत्तावर ठेवलेला दगड खाली राहणार नाही, आकाशात निघून जाईल. तरीही तो फुटलेला नाही. २०१४ साली बेन रोझिटिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की त्याला धरून ठेवायला आकर्षणाखेरीज आणखी एक पकड असली पाहिजे, आणि ती फार नको, ६४ पास्कलच्या आसपास पुरे. पास्कल हे दाब मोजण्याचे एकक. एक चौरस मीटर जागेवर साधारण शंभर ग्रॅम वजन सारखे पसरून ठेवले तर जो दाब पडतो तो एक पास्कल. तेव्हा ६४ पास्कल म्हणजे चौरस मीटरला साडेसहा किलो. आपल्या भोवतालच्या हवेचा दाबच एक लाख पास्कलच्या घरात आहे. एवढीशी पकड, आणि तिने सव्वा किलोमीटरचा डोंगर धरून ठेवला आहे!

ही पकड कसली, हे समजायला प्रयोगशाळेत जायला नको; स्वयंपाकघरात गेले तरी चालेल. चण्यांचा डबा उपडा केला तर सगळे चणे खाली पडतात. पिठाचा डबा उपडा करा. तळाला आणि कडांना पीठ चिकटून राहतेच. चणा जड असतो, त्याच्या वजनापुढे पृष्ठभागाची ओढ काहीच नाही. पिठाचा कण इतका हलका की ती ओढ त्याच्या वजनाला भारी पडते. रेणूरेणूंमधल्या या सूक्ष्म ओढीला डच शास्त्रज्ञ व्हान डर वाल्स यांचे नाव दिलेले आहे. लघुग्रहावर सगळ्याच वस्तू जवळजवळ वजनरहित. म्हणून तिथली बारीक धूळ मोठ्या धोंड्यांच्या फटींत बसून त्यांना धरून ठेवते. ज्वारीच्या जुन्या पिठाची विरी गेली की भाकरी थापताना कडेला फाटते, हे घरोघरी ठाऊक असते. लघुग्रहाचीही अशी एक विरी आहे. ढीग लहान असेल तर तेवढ्यावर त्याला बराच वेगही सोसतो. म्हणूनच काही मिनिटांत गिरकी घेणारे चिमुकले लघुग्रह सगळेच अखंड खडक असतील असे म्हणता येत नाही. पण या पकडीलाही शेवट आहे.

तो शेवट माणसाला पाहायला मिळाला २०१३ साली. त्या वर्षीच्या सप्टेंबरात 'पी/२०१३ आर ३' नावाचा एक धूसर पिंड सापडला. हबल दुर्बिणीतून पाहता तिथे एक नव्हे तर दहा तुकडे दिसले. त्यांतले सर्वांत मोठे सुमारे चारशे मीटरांपर्यंतचे. डेव्हिड ज्युइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही महिने त्यांच्यावर नजर ठेवली. टक्कर झाली असती तर तुकडे एकदम आणि वेगाने उधळले असते. बर्फाची वाफ होऊन फुटला म्हणावे तर सूर्यापासून सुमारे ४८ कोटी किलोमीटरांवर तेवढी ऊब नाही. हे तुकडे एकमेकांपासून दूर जात होते ते ताशी दीड किलोमीटर या वेगाने. जेवणानंतर शतपावली करणारा माणूससुद्धा याहून भरभर चालतो! स्फोट नाही, धडक नाही. हात सुटले आणि मंडळी आपापल्या वाटेने निघाली. त्या पिंडाची पकड ४० ते २१० पास्कलच्या दरम्यान असावी, असे पुढे गणिताने काढले गेले.

सुटलेले सगळेच वाया जाते असेही नाही. पृथ्वीच्या आसपास येणाऱ्या लघुग्रहांपैकी शंभरात सुमारे पंधरा जोडीने राहणारे आहेत. वेगाने फिरणाऱ्या ढिगाच्या कमरेवरून सुटलेला माल पुन्हा गोळा होऊन त्याचाच चंद्र बनतो, असे यातल्या पुष्कळ जोड्यांबद्दल मानले जाते. डिडिमॉस हा असाच सव्वादोन तासांच्या उंबरठ्यावर फिरणारा लघुग्रह, आणि डायमॉर्फस त्याचा दीडशे मीटरांचा चंद्र.

ही झाली हकीकत. आता मत.

इतिहासाच्या पेपरात 'ऱ्हासाची कारणे सांगा' हा प्रश्न ठरलेला. आपण उत्तरात काय करतो? घाव मोजतो. प्रत्येक घावाला तारीख, प्रत्येक तारखेला गुण. पानिपत, १४ जानेवारी १७६१. घाव भयंकर होता यात वाद नाही. पण त्याच घावानंतर थोरल्या माधवरावांच्या अकरा वर्षांत ते राज्य पुन्हा सावरले, आणि पेशवाईचा शेवट झाला तो १८१८ साली. मग या सत्तावन्न वर्षांत काय धरून होते, आणि ते केव्हा केव्हा सैल झाले? हा प्रश्न आपल्याला कोणी विचारत नाही, कारण त्याला एक तारीख नसते. जे हळूहळू होते त्याला पाठ करण्यासारखे रूप नसते. लघुग्रहांच्या अभ्यासकांनी जे केले ते असे: फुटला कशाने हे विचारण्याआधी, आजवर टिकला कशाने हे विचारले. माझ्या मते आपल्या शाखेने त्यांच्याकडून घ्यावे ते एवढेच, पण ते थोडे नाही.

आता एक इशाराही देते. स्नेहसंमेलनातील वक्त्यांच्या हाती हा विषय पडला तर त्याचे काय होईल हे मला आताच दिसते. 'पाहा, पकड सैल झाली की डोंगरसुद्धा फुटतो. म्हणून एकजूट घट्ट ठेवा.' टाळ्या. पण लघुग्रह हे सांगत नाहीत. इटोकावावरून आणलेल्या धुळीच्या कणांचा एक अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यावरून तो ढीग ४२० कोटी वर्षांहूनही जुना असावा असे दिसते. एवढा काळ तो टिकला कसा? तर ढीग आहे म्हणून. पोकळ, सैल वस्तू धक्का जिरवून टाकते. त्याच आकाराचा अखंड खडक टकरींनी कधीच फुटून गेला असता. म्हणजे जो सैलपणा फिरताना घातक ठरतो तोच टकरीत जीव वाचवतो. तेव्हा एखादी वस्तू दुबळी आहे असे नुसते म्हणण्यात अर्थ नाही. कशापुढे दुबळी, हे सांगावे लागते. घावापुढे टिकणारे उन्हापुढे टिकत नाही. उन्हापुढे टिकणारे घावापुढे टिकेलच असे नाही. हे कळले की माणसांविषयी, संस्थांविषयी, ग्रंथांविषयीही आपण घाईने जे शेरे मारतो ते थोडे आवरतील. यापलीकडे जाऊन लघुग्रहाला समाजाचे रूपक बनवू नये. दगडाला आपण आधीच पुष्कळ बोलायला लावले आहे.

आणि हा केवळ विचारांचा खेळ नाही. दिवंगत डॉ. जयंत नारळीकरांची 'धूमकेतू' ही कथा आपल्यापैकी अनेकांनी वाचली असेल. पृथ्वीच्या रोखाने येणाऱ्या धूमकेतूला स्फोट करून वाट बदलायला लावायची, हा तिच्यातला उपाय. आज असा प्रसंग निव्वळ कथेतला राहिलेला नाही. बेन्नू २१८२ साली पृथ्वीवर आदळण्याची शक्यता सुमारे २७०० मध्ये एक अशी काढली आहे. शक्यता लहान आहे, पण तिचे गणित कोणीतरी करून ठेवलेच पाहिजे. २६ सप्टेंबर २०२२ रोजी अमेरिकेने डार्ट नावाचे यान मुद्दाम डायमॉर्फसवर आदळवले. ११ तास ५५ मिनिटांची त्याची प्रदक्षिणा त्यामुळे अर्ध्या तासाहून थोडी अधिक कमी झाली. हा परिणाम नुसत्या धडकेचा नव्हता; धडकेने जो सैल माल उधळला त्याच्या उलट्या धक्क्याने तो कित्येक पटींनी वाढला होता. तसेच ५ एप्रिल २०१९ रोजी जपानच्या हायाबुसा-२ यानाने दोन किलोचा तांब्याचा गोळा र्‍युगू लघुग्रहावर मारला, तेव्हा चौदा मीटरांहून रुंद खड्डा पडला. एवढ्या मोठ्या खड्ड्याचा अर्थ एकच, की वरच्या थराला पकड जवळजवळ नव्हती. तेव्हा उद्या खरोखरच एखादा लघुग्रह आपल्या रोखाने निघाला तर पहिला प्रश्न 'किती मोठा बॉम्ब लागेल' हा नसेल. 'तो कशाने एकत्र राहिला आहे' हा असेल. उत्तर ठाऊक नसताना घाव घातला तर एका संकटाची दहा संकटे व्हायची. म्हणूनच युरोपचे हेरा हे यान ऑक्टोबर २०२४ मध्ये डिडिमॉसकडे निघाले. डार्टने केलेला परिणाम जवळून मोजणे हे त्याचे काम.

अशा मोजमापाला पैसा लागतो, आणि तो तुमच्या-आमच्या करातून येतो. चार वर्षे बसून सहस्रांश सेकंद मोजणाऱ्या माणसाला पगार का द्यावा, असे कोणी विचारले तर उत्तर देण्याची जबाबदारी फक्त विज्ञानवाल्यांची आहे का? मते आपण देतो, अग्रलेख आपल्यातले लिहितात, शाळांत मराठी आणि इतिहास आपल्यातलेच शिकवणार आहेत. आपल्याला घावच तेवढे दिसत असतील तर आपण पैसे घणालाच देऊ.

म्हणून माझी एक साधी सूचना आहे. आपल्या महाविद्यालयात विज्ञानाचा वर्ग नाही. पण रस्त्यापलीकडे विज्ञान महाविद्यालय आहे. तिथल्या प्राध्यापकांना महिन्यातून एकदा आपल्याकडे बोलवावे आणि त्यांनी मराठीत, फळ्यावर आकृती काढून, आम्हांला एक विषय सांगावा. मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून हेच काम करीत आली आहे. आपल्याला एक खोली आणि एक तास लागेल. ऐकणारे पन्नास असतील, त्यातल्या एकोणपन्नासांना काहीही आठवणार नाही. हरकत नाही. यार्कोव्हस्कींनाही एकच वाचक पुरला.

आणि देवघेव दोन्हीकडून हवी. पुढच्या वर्षीच्या अंकात पाहुणा लेखक म्हणून पलीकडच्या एखाद्या भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याने पानिपतावर लिहावे. मी तो लेख आनंदाने वाचीन, आणि तारखा तपासून देईन.